चिलखताचा डावा पाय

केतकीचा उजवा पाय आपल्याच घरात शिरावा तसा आत गेला. डावा मात्र मांडीपाशी अडकला तो अडकलाच.

"आजोबा, हा जाईना."

"जाईल. जरा श्वास सोड."

"श्वास काय मी पायानं घेते?"

हिम्मतरावांनी फरशीवर बैठक मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि चिलखताची डावी तंगडी दोन्ही हातांनी धरून वर रेटली. केतकी मागच्या मागं सोफ्यावर कोसळली. तांबूस रंगाचं छातीचं कवच, खांद्यांवरच्या दोन पाकळ्या, कोपरापर्यंतचे हातमोजे, सगळं अंगावर चपखल बसलेलं. आणि डावा पाय हवेत, अर्धा आत, अर्धा बाहेर. जगाला वाचवायला निघालेला वीर उंबऱ्यातच अडखळावा तसं ते ध्यान दिसत होतं.

"थांबा, आत काहीतरी टोचतंय." केतकीनं आत बोटं घालून चाचपलं. "आजोबा, इथं गुडघ्याला कडी कशाला? कवचय्याच्या गुडघ्याला लॉक नाहीये. मी सिनेमा सहा वेळा बघितलाय."

"कुठाय कडी?"

"ही काय! आणि हा बूट बघा. ह्याचा सोल उजव्यापेक्षा केवढा जाड आहे."

हिम्मतरावांनी दोन्ही बूट फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. सव्वा इंचाचा फरक. मोजपट्टी काढायची गरज नव्हती. त्या सव्वा इंचाशी त्यांची अडतीस वर्षांची ओळख होती. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर चढवला. त्यांचे कान लाल झाले.

खिडकीपाशी खुर्चीत गवार मोडत बसलेल्या भामाचा हात थांबला. तिनं त्या बुटांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, मग हातातली अर्धी शेंग ताटात टाकून खालच्या रस्त्याकडं बघायला लागली.

त्या अर्ध्या शेंगेचा अर्थ फक्त हिम्मतरावांना कळला.

हिम्मतराव म्हणजे हैदराबादच्या अंबरपेठेतले कॅलिपरवाले. पोलिओनं वाळलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याला उभं राहताना लावायची आणि बसताना काढायची कडी, खाली बूट, असा जो सांगाडा बांधतात तो कॅलिपर. सरकारी दवाखान्याच्या मागच्या वर्कशॉपात त्यांनी छत्तीस वर्षं हेच केलं. त्यांच्याबद्दल लोक काय काय सांगतात! म्हणे ते पेशंटच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. आधी चप्पल मागायचे, तिचा तळ उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "बाई निजामाबादच्या, खुब्यात दुखतंय डाव्या बाजूला, आणि सासूबरोबर पटत नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या. म्हणे एकदा एका पोरासाठी त्यांनी इतका हलका कॅलिपर केला, की ते पोर पतंगामागं जे सुटलं ते थेट मलकपेटला सापडलं, आणि त्याला धरून आणायला दोन शिपाई पाठवावे लागले. त्यातले एक शिपाई अजून हयात आहेत आणि ते ही गोष्ट नाकारत नाहीत.

माप ते टेपनं घेत नसत. टेप गळ्यात असायची, पण ती मोठे डॉक्टर फेरीला आले की दाखवायला. खरं माप बोटांचं. मांडीभोवती दोन्ही हातांची बोटं धरायची, पोटरीवर वीत टाकायची, घोट्याला अंगठा लावायचा, झालं. ते माप कुठं लिहायचं नाही. हातच लक्षात ठेवत.

भामाचं माप असंच घेतलं होतं. ती एकोणीस वर्षांची, देगलूरकडची. थोरल्या बहिणीनं, त्रिवेणीनं, तिला आपल्याकडं चिक्कडपल्लीला आणून दवाखान्यात आणलं होतं. हिम्मतरावांनी माप घ्यायला तिला तीन वेळा बोलावलं. तिसऱ्या वेळी त्रिवेणीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "भाऊ, पाय काय आठवड्याला बदलतो का?" त्यावर भाऊंचे कान आजच्यासारखेच लाल झाले, आणि पुढच्या वैशाखात लग्न झालं. तेव्हापासून दर दोन-अडीच वर्षांनी भामासाठी एक नवा कॅलिपर. प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा हलका. प्रत्येकाचा डावा सोल सव्वा इंच जास्त.

निवृत्तीनंतर सहा वर्षं त्या हातांना काम नव्हतं. कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांची छत्री, एवढ्याच दुरुस्त्या. मग एका रविवारी त्रिवेणीची नात केतकी मोबाइल नाचवत आली. गच्चीबोवलीकडं कुठल्याशा कंपनीत ती कॉम्प्युटरवर काम करत होती आणि राहायला आजीजवळ चिक्कडपल्लीत. वय सव्वीस, पण डोक्यात सिनेमा. हायटेक सिटीकडं एक मेळा भरणार होता, तिथं माणसं सिनेमातल्या वीरांचे पोशाख स्वतः करून घालतात आणि मंचावरून चालून दाखवतात. केतकीला कवचय्या व्हायचं होतं. कवचय्या कोण ते त्या वर्षी हैदराबादेत विचारावं लागत नव्हतं: वीजमंडळातला एक साधा लाइनमन, जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांतून चिलखत घडवतो आणि अन्यायाला शॉक देत हिंडतो. चिलखताच्या वजनानं त्याची चालही निराळी, जड, एक-एक पाऊल जमिनीला सांगून टाकलेलं. गल्लीतली पोरं तशी चालायची. एक-दोन सासरेही चालायचे.

"आजोबा, तुम्हाला जमेल?" केतकीनं विचारलं होतं.

"त्यात काय आहे? माणसाला बाहेरून हाडं बसवायची," हिम्मतराव म्हणाले होते. "जन्मभर तेच केलं."

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काम सुरू झालं. चपलांच्या तळाला लावतात त्या फोमचे ताव बेगमबाजारातून आले. रबर सोल्युशनचा डबा आला. गरम हवेचं यंत्र जुन्या वर्कशॉपातल्या मित्राकडून आलं. त्याची हवा लागली की फोम पापडासारखा मऊ व्हायचा, गुडघ्यावर ठेवून वाकवला की वाकलेलाच राहायचा. जोडाच्या ठिकाणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि रिबिटा. केतकीचं माप त्यांनी एकदाच घेतलं, तेही ती फोनवर कुणाला तरी "येस येस, शेअर करते" म्हणत उभी असताना. केतकी अंगापिंडानं भामावर गेली होती. तेच अरुंद खांदे, तीच उंची, तोच ताठ मानेचा हट्ट. बोटांना ते लगेच कळलं. बोटं म्हणाली, ही आपल्या ओळखीची.

आणि तीन महिने हिम्मतराव त्या खोलीत भर दुपारी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत बसले. रबर सोल्युशनच्या वासानं म्हणा, पत्र्याच्या उन्हानं म्हणा, समोरची भिंत विरघळायची आणि मुसी नदी दिसायची. पाणी घोट्याएवढं. त्या पाण्यातून त्यांनी आयुष्यात केलेले सगळे कॅलिपर, साडेचार-पाच हजार तरी असतील, माळ्यांवरून, कपाटांतून, भंगाराच्या दुकानांतून निघून, माणसांशिवाय, रांगेनं नदी ओलांडत असायचे. कुणाची कडी वाजायची, कुणाचं चामडं करकरायचं. हिम्मतरावांना प्रत्येकाचं नाव आठवायचं. ते एकेकाला हाक मारायचे आणि तो जरा थांबून पुढं जायचा. केव्हातरी खालून भामाची हाक यायची, "अहो, चहा व्हायलाय!" की नदी आटायची, भिंत परत यायची, आणि मांडीवर बघतात तो चिलखताचा एखादा तुकडा तयार झालेला असायचा.

डावा पाय असाच झाला होता.

"रविवारी मेळा आहे, आजोबा," केतकी डाव्या पायातून पाय उपसत म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, पण त्या गल्लीत शिरला होता. "आज गुरुवार. मला संध्याकाळी कॉल आहेत, उद्यापण आहेत."

"शनिवारी दुपारी नवा पाय तयार. तू संध्याकाळी ये आणि सगळं घेऊन जा."

"कडी नको."

"कडी नाही."

"आणि सोल..."

"सारखा. दोन्ही सारखे. माझी अक्कल गहाण पडली होती, पोरी."

केतकी हसली. जाताना भामाच्या गळ्यात पडून म्हणाली, "भामाआजी, सोमवारी आज्जी जाणार. बाबा न्यायला येतायत बंगलोरहून. तू येणारेस ना शनिवारपर्यंत? ती रोज विचारते."

"फोन आहे की," भामा म्हणाली.

हेच दुखणं होतं. चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्रिवेणी, सत्तरीची, गुडघे संपलेली. अंबरपेठेत पहिल्या मजल्यावर भामा. मधे रिक्षानं पाव तासाचा रस्ता. एक उतरू शकत नव्हती, दुसरी उतरत नव्हती. आणि सोमवारी मुलगा येऊन आईला खुर्चीसकट उचलून बंगलोरला नेणार होता, कायमचं. त्या दोघींच्या वयांची बेरीज बघता, आता नाही भेटल्या तर पुढं केव्हा, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

भामा उतरत नव्हती त्याला अकरा महिने झाले होते. त्या दिवशी ती एकटी भाजी आणायला गेली, सालीवरून बूट घसरला आणि ती पडली. पडणं तिला नवं नव्हतं. तिच्या हिशेबी आयुष्यात ती चारशे वेळा पडली होती आणि चारशे एक वेळा उठली होती, तो जास्तीचा एक कुठून आला हे विचारलं की म्हणायची, "तुमच्याशी लग्न केल्यावर." पण त्या दिवशी भोवती तीसेक माणसं जमली. "अय्यो पापम्, अय्यो पापम्" असा 'बिचारी गं'चा एक सूर लागला, जसा आरतीला लागतो. दोघांनी तिला बखोटीला धरून उचललं, कुणी साडी सारखी केली, आणि एका चांगल्या घरच्या बाईनं "देवुडु उन्नाडम्मा", देव आहे गं बाई, म्हणत तिच्या हातात दोन केळी ठेवली. भामानं ती केळी घरी आणली. खाल्ली नाहीत, टाकलीही नाहीत. काळी पडेपर्यंत टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर जिना उतरली नाही. घरात ती कॅलिपर घालायची, स्वयंपाक करायची, भांडायची, सगळं. उंबऱ्याबाहेर नाही. हिम्मतरावांनी विनवून पाहिलं, रुसून पाहिलं, नव्या कॅलिपरचं आमिष दाखवून पाहिलं.

"पायाला काय झालंय?" ती म्हणायची. "पाय चांगला आहे. लोकांचे डोळे खराब आहेत. त्याला बसवा कॅलिपर."

केतकी गेली. चार वाजता रोजच्यासारखा त्रिवेणीचा फोन आला. भामानं तो स्पीकरवर टाकला, कारण एका कानानं भांडण पुरत नाही.

"येतीस का नाही?" पलीकडून त्रिवेणी.

"बघू."

"बघू म्हणजे? मी सोमवारी चालले. मला घेऊन जायलेत गठुड्यावाणी. कामून येईना गं तू?"

"अगं, खालून गाडी जाईल ना तुझी, तर मी खिडकीतून हात हलवते की."

"हात हलवते! मी काय मंत्री हाय? मर तिकडंच."

"तू मर आधी. थोरली हैस."

फोन आपटायची आता सोय राहिली नाही, म्हणून त्रिवेणीनं तो नुसताच बंद केला. भामानं त्या काळ्या काचेवरचा अंगठ्याचा डाग पदरानं पुसला. मग तिनं नजर न वळवता विचारलं,

"खरं सांगा. चूक झाली का केली?"

हिम्मतराव डावी तंगडी मांडीवर घेऊन बसले होते. रिबिटा काढायला पक्कड हातात होती, पण रिबिट एकही निघाली नव्हती.

"मला काय ठावं, भामा. हात करत गेले."

"तुमच्या हातांना म्हणावं, भामाला विचारून करत जा."

"हौ," हिम्मतराव म्हणाले.

तिनं पकडीकडं पाहिलं. "मोडू नका तो. नवा करायलाव ना? मग हा असू द्या."

शुक्रवारभर आणि शनिवारी दुपारपर्यंत हिम्मतराव पत्र्याच्या खोलीत होते. ह्या वेळी त्यांनी टेप वापरली, प्रत्येक माप पुठ्ठ्यावर लिहिलं आणि एकदाही मुसीकडं पाहिलं नाही. नवा पाय सरळ, बिनकडीचा झाला. कोणाच्याही पायात जाईल असा. म्हणूनच की काय, त्यांना तो फारसा आवडला नाही.

तो घेऊन खाली आले तर भामा सोफ्यावर बसलेली. अंगात केतकीचा विसरून राहिलेला काळा सलवार-कुडता, केसांचा घट्ट अंबाडा, कॅलिपर काढून शेजारी ठेवलेला, आणि जुनी डावी तंगडी स्वतःच्या मांडीवर.

"पट्टे लावून द्या," ती म्हणाली. "मागचे मला पोचत नाहीत."

हिम्मतराव खाली बसले. तिचा वाळका पाय त्यांनी आत सोडला. ना अडखळला, ना टोचला. कडी खाली सरकवली, टक् आवाज आला. सोल जमिनीला टेकला. मग उजवा. मग छाती, खांदे, हात. तीन महिने केतकीसाठी केलेली ती सगळी वस्तू भामाच्या अंगावर तक्रार न करता बसत गेली. शेवटी तिनं हेल्मेट मागितलं.

"कुठं निघालीस?" हिम्मतरावांनी भीत भीत विचारलं. मोठ्यानं विचारलं तर ती बेत बदलेल अशी त्यांना धास्ती.

हेल्मेटमधून आवाज घुमला, "तायडीकडं. लोक बघणारच ना? मग बघू द्या एकदा पोटभर. चला, रिक्षा बघा."

सतरा पायऱ्या. हिम्मतराव पुढं उलटे उतरत होते, दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखे. भामा म्हणाली, "बाजूला व्हा, मला काय दिसत नाही तुमच्या पोटापुढं." तिनं कठड्याला हात लावला आणि अकरा महिन्यांनी ती रस्त्यावर आली.

त्या दुपारी अंबरपेठेत काय झालं ते तीन तऱ्हांनी सांगतात. पानवाला सांगतो की नाक्यावरचा सिग्नल हिरवा झाला तो ती जाईपर्यंत हिरवाच राहिला, आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही. ही दुसरी गोष्ट पहिल्याहून अवघड. इस्त्रीवाला सांगतो की लग्नाला निघालेल्या बँडनं कुणी न सांगता कवचय्याची धून धरली, आणि नवरदेव घोड्यावरून उतरून हात जोडून उभा राहिला. तिसरी तऱ्हा एका म्हशीची आहे, ती राहू दे. हिम्मतरावांना एवढंच आठवतं की ऊन पिवळं, मऊ, पाण्यासारखं झालं होतं, त्यातून तांबूस चिलखत चाललं होतं, आणि दोन्ही बाजूंची माणसं हातातलं काम तसंच धरून उभी होती. इडलीवाल्याच्या डावातून चटणी खाली पडत होती.

भामाची चाल तीच. डावा पाय खुब्यातून उचलायचा, जरा बाहेरून फिरवून पुढं टाकायचा, वर शरीर तोलायचं. आयुष्यभराची चाल. पण आता उजवा पायही फोममध्ये अवघडलेला असल्यामुळं दोन्ही पाय एकाच भाषेत बोलत होते. एक-एक पाऊल जमिनीला सांगून पडत होतं.

मोटारसायकलवरची तीन पोरं करकचून थांबली. मधलं पोर सीटवर उभं राहून ओरडलं, "अन्ना! वॉक सूपर, अन्ना! सेम टु सेम!"

"काय म्हणतोय तो?" हेल्मेटनं विचारलं.

"चाल झकास आहे म्हणतोय."

"कुणाची?"

"तुझी."

भामा थांबली. हेल्मेटच्या आतून एक आवाज आला, पण आत इतका घुमारा होता की तो हसण्याचा की कसला, हे छत्तीस वर्षं लोकांची दुखणी ओळखणाऱ्या हिम्मतरावांनाही सांगता आलं नसतं. मग तिनं पोरांकडं वळून, सिनेमात दाखवतात तशी, उजवी मूठ छातीच्या कवचावर दोनदा आपटली. हे तिनं केव्हा बघितलं होतं कोण जाणे. पोरं गाडीवरून पडता पडता वाचली.

रिक्षावाला मात्र हैदराबादी होता. त्याला कशाचंच नवल नव्हतं.

"चिक्कडपल्ली चलते?" हिम्मतरावांनी विचारलं.

"चलते, बैठो चचा. ये कौन? शूटिंगवाले?"

"मेरी बीवी हैं."

रिक्षावाल्यानं आरशातून भामाला वर-खाली न्याहाळलं. "आदाब भाभी," तो म्हणाला आणि मीटर पाडला. थोडं पुढं गेल्यावर न राहवून त्यानं विचारलं, "चचा, घर में भी ऐसेच रहते?"

"इससे ज्यादा," हिम्मतराव म्हणाले.

बसताना भामानं गुडघ्याची कडी वर ओढली होती; टक् करून पाय वाकला होता. आता ती हेल्मेटच्या चिरेतून सगळं बघत चालली होती. अकरा महिन्यांत दुकानांच्या पाट्या बदलल्या होत्या, एक झाड गेलं होतं, एक पूल थोडा लांबला होता. फोमचा तो जाड हात हिम्मतरावांच्या गुडघ्यावर होता, आणि त्यातून आत हात आहे की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. हिम्मतरावांनी तो तसाच राहू दिला.

चिक्कडपल्लीत, बाजारामागच्या गल्लीत, त्रिवेणीची जुनी तीन मजली इमारत होती. लिफ्ट नाही. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर भामा थांबली आणि तिनं हेल्मेट काढलं. चेहरा घामानं निथळत होता, कपाळावर फोमची लाल रेघ.

"आता काढा हे सगळं," ती म्हणाली.

"कामून? तायडीला दाखवू की. गंमत वाटेल तिला."

"तायडी मला बघायला बसलीय. डबा बघायला नाही."

हिम्मतरावांनी तिला पहिल्या पायरीवर बसवलं आणि एकेक तुकडा उतरवला. हात, खांदे, छाती, उजवा पाय. डाव्या पायाच्या पट्ट्याला त्यांचा हात लागला तेव्हा तिनं तो बाजूला केला.

"हा नक्को. हा मापाचा आहे."

"मी येऊ वर?"

"तुम्ही कशाला? आम्हाला भांडायचंय."

ती उठली. उजव्या पायात साधी चपलही नव्हती, मोज्यावरच होती ती. कठडा धरून ती पहिली पायरी चढली, मग दुसरी. एक पाऊल मऊ, एक टण्. वळणावर ती दिसेनाशी झाली. हिम्मतराव खाली उभे राहून ऐकत राहिले. पहिल्या मजल्यावर ती थांबली, दम घेतला, परत निघाली. मग दार वाजलं. केतकीची किंकाळी आली, "आज्जी, बघ कोण आलंय!" आणि त्यावर त्रिवेणीचा आवाज, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"आलीस गं बया? का वाटेत देगलूरला जाऊन आलीस?"

भामानं काहीतरी सणसणीत उत्तर दिलं. ते नीट ऐकू आलं नाही. त्यावर त्रिवेणी काही बोलली, त्यावर भामा. मग दोघी एकदम. मग दार आतून लागलं.

"चचा, रुकूं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नक्को. तुम जाओ."

रिक्षा गेली. हिम्मतराव पायरीवर एका बाजूला बसले. चिलखताचे तुकडे असे जमिनीवर विखुरलेले त्यांना बरे वाटेनात, म्हणून त्यांनी ते उचलून पायरीच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकवून, नीट रचले. आधी उजवा पाय पुढं सोडला. त्यावर छातीचं कवच, खांदे, दोन्ही हात मांडीपाशी. वर हेल्मेट. तो एका पायाचा वीर भिंतीला पाठ लावून त्यांच्या शेजारी बसला.

शाळेतून येणारी पोरं आली, दप्तर सावरणारी एक मास्तरीण आली, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस आला. वर जाणारे-येणारे सगळे त्या दोघांच्या मधून, अंग चोरून, पाय लागू नये अशा बेतानं जात होते.